पाठनिष्ठा आणि पुनर्निर्मिती : जुन्या मनगटी घड्याळांच्या नव्या आवृत्त्यांचा विचार

२०१७ साली ओमेगा या स्विस कारखान्याने स्वतःचीच साठ वर्षांपूर्वीची तीन मनगटी घड्याळे पुन्हा घडवून बाजारात आणली. स्पीडमास्टर, सीमास्टर ३०० आणि रेलमास्टर ही ती तीन घड्याळे. तिन्हींचा मूळ जन्म १९५७ मधला. नव्या प्रती प्रत्येकी ३,५५७ एवढ्याच काढावयाच्या, असा संकल्प. मूळ नमुन्यांचे संगणकीय पद्धतीने सूक्ष्म मोजमाप घेण्यात आले. स्पीडमास्टरचा व्यास ३८.६ मिलिमीटर ठेवण्यात आला. काट्यांचे आकार, तबकडीवरील अक्षरांची वळणे, कवचाच्या कडा हे सारे जुन्याबरहुकूम उतरविण्यात आले. हा प्रयोग एकटा नव्हता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत स्वित्झर्लंडमधील आणि जपानमधील अनेक प्रतिष्ठित कारखान्यांनी आपापल्या जुन्या दप्तरांत हात घातला आहे, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची घड्याळे नव्याने घडवून विकणे हा या व्यवसायाचा एक मोठा उद्योग होऊन बसला आहे.

नामांकित जुनी घड्याळे यथामूल पुन्हा घडवावीत की न घडवावीत, असा वाद यातून उभा राहिला. एका पक्षाच्या मते ही कल्पनाशक्तीची दिवाळखोरी होय. ज्यांना नवे सुचत नाही ते आजोबांच्या पेटीतले अंगरखे घालून मिरवतात. दुसऱ्या पक्षाच्या मते उत्तम रचना ही एका पिढीची मिरास नसते, आणि लिलावात लाखोंना जाणारी वस्तू तिच्याच घडवणाऱ्याने सामान्य रसिकाच्या आटोक्यात आणून दिली तर त्यात वावगे काय? दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. परंतु दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की ‘यथामूल’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. तो तसा ठरलेला नाही, आणि वादाचे खरे मूळ तेथेच आहे.

ग्रंथांच्या क्षेत्रात हा प्रश्न जुना आहे व तेथे त्याचा पुष्कळ सूक्ष्म विचार झालेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तिचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. वि. स. सुखटणकरांनी १९२५ मध्ये या कार्याची सूत्रे हाती घेतली. १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले, आणि अठरा पर्वांची संहिता पूर्ण व्हावयास १९६६ साल उजाडले. सुखटणकरांची भूमिका दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिली अशी की, व्यासांनी उच्चारलेले मूळ महाभारत आपण परत मिळवीत आहो असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा जुना पाठ, एवढीच मर्यादा त्यांनी स्वतःस घालून घेतली. दुसरी अशी की, जेथे पाठ निःसंशय नव्हता तेथे छापील शब्दाखाली त्यांनी नागमोडी रेघ दिली. वाचकाला प्रत्येक पानावर कळते की येथे जमीन पक्की आहे, येथे ती भुसभुशीत आहे. संपादकाचा प्रामाणिकपणा त्या रेघेत आहे.

घड्याळाच्या पुनर्निर्मितीलाही हीच कसोटी लावून पाहिली पाहिजे. वस्तू आणि ग्रंथ यांत अंतर आहे हे कोणीही मान्य करील. ग्रंथ नक्कल करूनच टिकतो, वस्तू एकच असते. पण हजारोंच्या संख्येने निघालेले कारखान्यातील घड्याळ या बाबतीत चित्रापेक्षा ग्रंथाला जवळचे आहे. त्याचा एक आराखडा असतो, त्याच्या प्रती असतात, प्रतींत पाठभेद असतात, आणि दुरुस्तीच्या टेबलावर प्रक्षेपही होतात. एका घड्याळाचा काटा दुसऱ्यात जातो, तबकडी पुन्हा रंगविली जाते, चावी बदलते. साठ वर्षांनंतर संग्राहकाच्या हाती येते ते घड्याळ म्हणजे अनेक हातांनी लिहिलेली पोथी असते.

तेव्हा ‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते? रेखाटनकाराच्या कागदावरचे घड्याळ, कारखान्याच्या दारातून १९५७ साली बाहेर पडलेले घड्याळ, आणि आज लिलावगृहाच्या मखमलीवर ठेवलेले घड्याळ ही तीन वेगळी मुळे आहेत. नव्या आवृत्तीचा कर्ता यांपैकी कोणाशी निष्ठा ठेवतो, हे त्याने सांगितले पाहिजे. बहुधा तो सांगत नाही. आणि बारकाईने पाहिले असता असे दिसते की आकारापुरता तो दुसऱ्याशी एकनिष्ठ असतो आणि रंगापुरता तिसऱ्याशी.

रंगाचा हा मुद्दा किरकोळ नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर व आकड्यांवर अंधारात चमकणारा लेप असे. आरंभी त्यात रेडियम असे. त्याचे घातक परिणाम ध्यानात आल्यावर १९६० नंतरच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे, त्यामुळे त्या लेपाचा प्रकाश एका पिढीच्या आत मावळतो. पुढे १९९३ मध्ये जपानमधील नेमोतो या कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेला, किरणोत्सर्गाचा धोका नसलेला लेप तयार केला आणि आजची बहुतेक घड्याळे त्याच जातीच्या लेपाने चमकतात. मराठीत मात्र ‘रेडियम’ हा शब्द अजून जिवंत आहे. मोटारीच्या मागे चिकटवलेल्या परावर्तक पट्टीलाही लोक बिनदिक्कत रेडियम म्हणतात. पदार्थ गेला, शब्द राहिला. नव्या आवृत्त्यांतील लेपाचे याच्या नेमके उलट झाले आहे. तेथे पदार्थ नवा आहे, पण त्याने जुन्या पदार्थाच्या म्हातारपणाचे सोंग घेतले आहे. जुना लेप काळाच्या ओघात पिवळसर, मग तपकिरी होत गेला. नव्या लेपात तोच तपकिरी रंग पहिल्या दिवसापासून मिसळला जातो. २०१७ च्या ओमेगा-त्रयीत हे झाले आणि इतर कारखान्यांच्या कित्येक आवृत्त्यांतही झाले आहे.

१९५७ साली ज्याने ते घड्याळ दुकानातून विकत घेतले त्याला हा तपकिरी रंग कधीही दिसला नाही. रेखाटनकाराने तो योजिला नव्हता. म्हणजे ज्याला यथामूल म्हटले जाते ते मुळाशी इमान राखीत नसून मुळावर चढलेल्या काळाच्या पुटाशी राखते. पोथीचे पुनर्मुद्रण करताना कसरीने पाडलेली भोकेही कागदावर छापावीत, तसा हा प्रकार आहे. मराठी वाचकाला याचे एक घरचे उदाहरण सहज आठवेल. बखरीच्या धाटणीचे गद्य लिहू पाहणारा हौशी लेखक वाक्यावाक्याला ‘जाहले’, ‘म्हणोन’, ‘येणेप्रमाणे’ यांची पेरणी करतो. जुन्या बखरकाराच्या लेखी ते शब्द जुने नव्हते. ते त्याचे रोजचे शब्द होते. जुनेपणा हा वाचणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या मधल्या अंतरातून उत्पन्न होणारा परिणाम आहे, मजकुराचा गुण नव्हे. तो मजकुरात आयता भरू लागले म्हणजे बखर होत नाही, बखरीचे नाटक होते.

यावर असे म्हटले जाईल की आजच्या रसिकाने हे घड्याळ तपकिरी रंगातच पाहिले आहे, तोच त्याच्या प्रेमाचा विषय आहे, आणि अर्थ तर अखेर वाचणाऱ्याच्याच मनात निष्पन्न होतो. युक्तिवाद पोकळ नाही. पण मग त्या रंगाला मूळ संहितेत स्थान नाही. तो टीकेचा भाग झाला. टीका लिहिण्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. ती मूळ श्लोक म्हणून छापू नये इतकेच.

आता घड्याळाच्या अंतरंगाकडे वळावे. बाहेरचे रूप आणि आतले यंत्र यांतील संबंध अक्षर आणि व्याकरण यांच्या संबंधासारखा आहे. २०१७ च्या स्पीडमास्टरचा चेहरा १९५७ चा होता. यंत्र मात्र कॅलिबर १८६१ होते. मूळ घड्याळात कॅलिबर ३२१ असे. लेमानिया कारखान्यात १९४२ च्या सुमारास आकाराला आलेल्या रचनेवर ते आधारलेले होते आणि त्यातील काळ मोजण्याची क्रिया स्तंभांच्या एका चक्राने नियंत्रित होई. १९६८ मध्ये त्याच्या जागी ८६१ आले. स्तंभचक्र जाऊन साधी, घडवावयास सोपी कळ बसली. १८६१ हे या ८६१ चे वंशज. म्हणजे नव्या आवृत्तीत वर्णमाला जुन्या शतकाची आणि विभक्तिप्रत्यय पुढच्या काळाचे, असे झाले. सामान्य वाचकाला ते जाणवणार नाही. पण सामान्य वाचकाला जाणवत नाही एवढ्यावरून पाठ शुद्ध ठरत नाही.

रेलमास्टरचे उदाहरण याहून बोधप्रद आहे, आणि येथे निर्णय इतका सरळ देता येत नाही. विद्युत्-यंत्रांजवळ वावरणाऱ्या माणसांसाठी, रेल्वेचे कर्मचारी आणि शास्त्रज्ञ यांच्यासाठी, ते घड्याळ योजिले होते. चुंबकीय क्षेत्रात घड्याळाची बारीक केसासारखी स्प्रिंग बिघडते. म्हणून मूळ रेलमास्टरमध्ये यंत्राभोवती मऊ लोखंडाचे आवरण घातलेले होते. ते घड्याळ रोज चावी द्यावी लागणारे होते. २०१७ च्या रेलमास्टरला चावी देण्याची गरज नाही. मनगटाच्या हालचालीने ते स्वतःच भरते. आणि त्यातील ८८०६ क्रमांकाचे यंत्र अचुंबकीय द्रव्यांचे बनविलेले असल्याने १५,००० गाऊसचे क्षेत्रही सहन करते. निराळ्या आवरणाची त्याला आवश्यकताच उरलेली नाही. रचना बदलली, पण घड्याळाचे प्रयोजन मुळाहून अधिक चांगले सिद्ध झाले. हे भाषांतरासारखे आहे: शब्द एकही तोच नाही, आणि अर्थ मात्र पुरेपूर पोचला आहे. उत्तम भाषांतर हे निष्ठेचेच एक रूप होय. परंतु भाषांतराच्या मुखपृष्ठावर भाषांतर असे लिहिण्याची रीत आहे, आणि मूळ संहितेचे हुबेहूब अक्षर वापरून भाषांतर छापण्याची रीत नाही.

ओमेगालाही हे उणेपण जाणवले असावे. जानेवारी २०१९ मध्ये कारखान्याने कॅलिबर ३२१ पुन्हा निर्माण करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यासाठी अपोलो १७ या १९७२ च्या चांद्रमोहिमेत युजीन सेर्नन यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचा क्ष-किरणांनी छेद न घेता अंतर्भेद करण्यात आला. उपलब्ध प्रतींतून जुन्यात जुना व विश्वसनीय पाठ गाठण्याचाच हा प्रकार. २०२० च्या जानेवारीत हे यंत्र बसविलेले पोलादी स्पीडमास्टर बाहेर आले. जून १९६५ मध्ये अवकाशात यानाबाहेर तरंगणारा पहिला अमेरिकन अंतराळवीर एड व्हाइट याने वापरलेल्या घड्याळाचे रूप त्याला देण्यात आले होते, व्यास ३९.७ मिलिमीटर. जुन्या यंत्राची पुनर्घटना म्हणून या कृतीला मोठे मोल आहे. बाजारपेठेच्या दृष्टीने ती जवळजवळ अव्यवहार्य होती. स्तंभचक्राचे जुने यंत्र घडविणे खर्चाचे, प्रत्येक घड्याळ एकाच कारागिराने पुरते जुळवावयाचे, आणि वेळ सांगण्याच्या कामी त्याचा नव्या यंत्रावर काही विशेष नाही. असे असूनही ते घडविले गेले. आवृत्तीकाराची तळमळ म्हणतात ती हीच.

तरी या आवृत्तीतही दोन पाठ बदललेले आहेत. मूळ घड्याळाची काच ॲक्रिलिकची होती. नव्याची कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे सफायरची आहे. तबकडीभोवतीच्या कड्यावरील काळी पट्टी मुळात ॲल्युमिनियमची होती. नव्यात ती सिरॅमिकची आहे. काचेच्या बाबतीतला बदल अर्थाला धक्का लावणारा आहे. ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात, पण आघाताने त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. भाररहित यानात तरंगणारे काचेचे कण ही अंतराळवीराच्या डोळ्यांना केवढी आपत्ती, हे सांगावयास नको. नासाने मार्च १९६५ मध्ये या घड्याळाला मान्यता दिली तेव्हा त्या साध्या काचेत असा अर्थ होता. सफायरने ती काच अधिक सुंदर झाली, अधिक टिकाऊ झाली, आणि निरर्थक झाली. मागच्या बाजूलाही पारदर्शक सफायर बसवून यंत्राचे दर्शन घडविले आहे. मूळ घड्याळाची पाठ बंद होती. एवढ्या कष्टाने पुन्हा घडविलेले यंत्र झाकून ठेवणे कोणाही कर्त्याला जड जाईल, हे समजण्यासारखे आहे. या दोन बदलांकडे शेवटी पुन्हा वळावे लागेल.

पाठपरंपरा अखंड राहिली तर पुनर्निर्मितीचे स्वरूप कसे पालटते, याचे उदाहरण झेनिथच्या इतिहासात सापडते. जानेवारी १९६९ मध्ये ल लोक्ल येथील या कारखान्याने एल प्रिमेरो नावाचे, ताशी ३६,००० कंपनांचे, स्वतः भरणारे कालमापक यंत्र जाहीर केले. त्याच वर्षाच्या नाताळात जपानच्या सेइकोने क्वार्ट्‌झवर चालणारे ॲस्ट्रॉन बाजारात आणले आणि यांत्रिक घड्याळांचे दिवस भरले. पुढील पंधरा-सोळा वर्षांत स्विस घड्याळ-उद्योगातील कामगारांची संख्या सुमारे ९०,००० वरून त्याच्या जवळपास एकतृतीयांशावर आली. १९७५ मध्ये झेनिथच्या तेव्हाच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळांचे काम बंद करण्याचा हुकूम काढला. साचे, हत्यारे मोडीत जावयाची होती. शार्ल व्हर्मो या तेथील कारागिराने हुकूम मानला नाही. त्याने हत्यारे, साचे, आराखडे यांवर चिठ्ठ्या लावून, नोंदी करून, ती सारी कारखान्याच्या पोटमाळ्यावर दडवून ठेवली. काही वर्षांनी वारे फिरले तेव्हा तो पोटमाळा उघडला गेला आणि एल प्रिमेरो पुन्हा घडू लागले. १९८८ पासून रोलेक्सने आपल्या डेटोनासाठी हेच यंत्र काही फेरफार करून वापरले. मठाच्या तळघरात पोथ्या पुरून परचक्र टाळणाऱ्या भिक्षूंच्या कथा सर्वत्र आहेत. ही कथा त्याच कुळीची, पण पूर्ण ऐतिहासिक.

२०१९ मध्ये झेनिथने १९६९ चे ए३८४ हे घड्याळ ३७ मिलिमीटरच्या मूळ आकारात पुन्हा काढले तेव्हा आत बसविलेले यंत्र हे मूळ यंत्राचे थेट, न तुटलेल्या परंपरेने आलेले रूप होते. येथे पुनर्घटना करावी लागली नाही; पाठ मुखोद्गत होता. या आवृत्तीतही काच बदलली आहे आणि पाठ पारदर्शक झाली आहे. तरीही सर्व पुनर्निर्मितींत हिला वरचा क्रमांक द्यावा लागतो, कारण तिच्या अक्षराखाली तिचेच व्याकरण आहे. त्याच वर्षी ब्राइटलिंगने १९५९ च्या नॅव्हिटायमरच्या १,९५९ प्रती काढल्या. तिने ॲक्रिलिकची काच ठेवली आणि कड्यावरील मण्यांची संख्यासुद्धा जुन्याबरहुकूम राखली. यंत्र मात्र अर्वाचीन, स्वतःच्या कारखान्यातले. मणी मोजण्याची निष्ठा वाखाणण्यासारखी असली तरी तिचा भर दृश्यावरच आहे, हे नोंदविणे भाग आहे.

सेइकोचा मार्ग अधिक विचारपूर्वक दिसतो. १९६५ मध्ये या कंपनीने जपानमधील पहिले पाणबुड्यांचे घड्याळ काढले. जपानच्या अंटार्क्टिक संशोधन-मोहिमांत ते वापरले गेले. २०१७ मध्ये त्याची २,००० प्रतींची आवृत्ती निघाली. व्यास मूळ ३८ मिलिमीटरऐवजी ३९.९, पाण्यात टिकण्याची मर्यादा १५० मीटरऐवजी २०० मीटर. पण त्याच वेळी, त्याच घड्याळाचे मोठ्या आकाराचे, उघडपणे आधुनिक असे रूपांतरही कंपनीने स्वतंत्रपणे काढले. आवृत्ती वेगळी, रूपांतर वेगळे, आणि दोन्ही शेजारी शेजारी. वाचकाची फसगत होण्याचे कारण उरत नाही. आवृत्तीत दोन मिलिमीटरची वाढ का केली, हे मात्र समजत नाही.

कल्पनादारिद्र्याच्या आक्षेपाला येथे थोडक्यात उत्तर देता येईल. २००० नंतरच्या दशकात मनगटी घड्याळे बेसुमार फुगली होती. चव्वेचाळीस, पंचेचाळीस मिलिमीटरची ताटे मनगटावर बांधण्याची टूम निघाली होती. अडतीस-एकोणचाळीसचे प्रमाण पुन्हा रूढ झाले त्यात जुन्यांच्या या आवृत्त्यांचा वाटा मोठा आहे. लाँजिनने १९५९ च्या पाणबुडी-घड्याळाची आवृत्ती प्रथम ४२ मिलिमीटरची काढली होती; तीवरील तारखेच्या खिडकीबद्दल रसिकांची कुरकूर वर्षानुवर्षे चालू होती. २०२३ मध्ये ते ३९ मिलिमीटरचे आणि तारखेवाचून आले. व्हाशरॉ कॉन्स्टँटँने १९७७ चे ‘२२२’ हे घड्याळ २०२२ मध्ये ३७ मिलिमीटरमध्येच काढले. अभिजाताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे समकालीन लेखनाची शैली सुधारावी, असे साहित्यातही घडलेले आहे. रोलेक्सने मात्र जुने घड्याळ जसेच्या तसे कधी परत काढले नाही. तिचे सबमरीनर १९५३ पासून थोडेथोडे बदलत आजवर आले आहे. जी भाषा बोलली जाते तिला स्वतःच्या जुन्या रूपाची आवृत्ती काढण्याची निकड भासत नाही. ही भूमिका सुसंगत आहे, पण ज्यांची परंपरा १९७५ च्या सुमारास तुटली त्यांना ती परवडणारी नव्हती.

परंपरा तुटण्याचा आणखी एक प्रकार आहे: नाव राहते, कारखाना राहत नाही. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईशी व्यापारी नाते असलेल्या फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याचे नाव अनेक हातांतून फिरत २०११ मध्ये टायटनकडे आले आणि पुढे तेथूनही दुसरीकडे गेले. १९६२ मध्ये उंची आणि हवेचा दाब दाखविणारे बिव्हॉक नावाचे मनगटी घड्याळ काढणारी पेढी आणि आज त्या नावाचा मालक असणारी संस्था यांत दप्तराचे सातत्य किती, हा प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी विचारण्याजोगा प्रश्न आहे. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरला सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ-कारखान्याची गोष्ट याहून साधी व करुण आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो विभाग बंद करण्यास मान्यता दिली. तत्पूर्वी दोन-तीन पिढ्यांच्या मनगटांवर ती घड्याळे चालली होती.

याच दोन नावांची जुनी घड्याळे जगभरच्या संग्राहकांत आज एका निराळ्या नावाने ओळखली जातात. ते नाव ‘मुंबई स्पेशल’. जुने, चालते यंत्र घ्यावयाचे, त्याची झिजलेली तबकडी खरवडून तिच्यावर नव्याने रंग व अक्षरे उठवावयाची, कधी मुळात नसलेला भडक निळा किंवा नारिंगी रंग द्यावयाचा, आणि ते जुने म्हणून दूरदेशी विकावयाचे. संग्राहक या घड्याळांकडे तुच्छतेने पाहतात, आणि जेथे ती अस्सल म्हणून खपविली जातात तेथे ती फसवणूकच आहे. परंतु क्षणभर विक्रीचा भाग बाजूला ठेवून केवळ कृतीकडे पाहिले तर एक चमत्कारिक सममिती दृष्टीस पडते. मुंबईच्या गल्लीतील घड्याळजी जुने यंत्र राखतो आणि नवी तबकडी चढवितो; जिनिव्हा-बीलचा कारखानदार जुनी तबकडी राखतो आणि नवे यंत्र चढवितो. पहिल्याला नकलाकार म्हणतात आणि दुसऱ्याला परंपरेचा रक्षक. निष्ठा जर यंत्राशी, म्हणजे घड्याळ ज्यामुळे घड्याळ ठरते त्या वस्तूशी मोजावयाची, तर या दोघांत अधिक यथामूल कोण? कारखानदाराच्या बाजूने सांगता येण्यासारखे एकच आहे: तो आपल्या घड्याळाचे वय लपवीत नाही. म्हणून त्याने खरोखरच ते लपवू नये, हा आग्रह वाजवी ठरतो.

हा आग्रह केवळ नीतीचा नाही. इतिहासाच्या साधनांचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील एका लिलावात स्पीडमास्टरच्या १९५७ च्या पहिल्या पिढीतील एक घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. त्याची तबकडी काळाच्या ओघात तपकिरी झालेली होती, आणि किंमत बऱ्याच अंशी त्या तपकिरी रंगाची होती. २०२३ मध्ये खुद्द ओमेगानेच जाहीर केले की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवून सिद्ध केलेले होते, आणि त्यात कारखान्याच्या माजी नोकरांचा हात असल्याचा आरोपही केला. पारिभाषिक शब्दांत सांगावयाचे तर ती संकीर्ण पोथी होती. पाने जुनी, ग्रंथ बनावट. जेथे पारखी नजरेलाही जुना भाग आणि जुन्यासारखा भाग यांतील भेद करणे इतके अवघड झाले आहे, तेथे मूळ कारखान्यानेच जुन्याच मापाचे, जुन्याच अक्षराचे, वर वार्धक्याचा रंग दिलेले हजारो नवे भाग जगात सोडावे, याचे परिणाम आज नव्हे, आणखी चाळीस वर्षांनी दिसतील. २०१७ चा काटा तेव्हा १९५७ च्या घड्याळात बसलेला सापडेल, आणि तो ओळखावयाचा कशावरून?

सुखटणकरांच्या नागमोडी रेघेची येथे आठवण होते. घड्याळाच्या पाठीवर क्रमांक कोरणे म्हणजे ती रेघ नव्हे; पाठ बदलता येते. ती रेघ प्रत्येक भागातच, न पुसता येईल अशी असली पाहिजे. या दृष्टीने पाहता २०२० च्या स्पीडमास्टरमधील ज्या दोन बदलांवर वर आक्षेप घेतला, ते निराळ्या प्रकाशात दिसू लागतात. सफायरवर ॲक्रिलिकसारखे ओरखडे पडत नाहीत. ॲल्युमिनियमची काळी पट्टी उन्हाने करडी, निळसर होत जाते; सिरॅमिकची तशी होत नाही. पन्नास वर्षांनी ते घड्याळ कोणाच्याही हाती आले तरी त्याचे कडे काळेभोर आणि काच नितळ असेल, आणि हे १९६५ चे नव्हे हे भिंग न लावताही कळेल. काचेने अर्थ गमावला खरा. पण तिने साक्ष दिली. २०१७ च्या घड्याळांतील तपकिरी लेप अशी साक्ष कधीच देणार नाही. तो तोपर्यंत आणखी थोडा पिकला असेल, आणि त्याच्यातील कारखान्याचा रंग कोणता व काळाचा कोणता, हे सांगावयास त्या वेळच्या पारख्याला रसायनशाळेत जावे लागेल.